स्वयंसेवी गटात नियम किती असावेत, आणि ते करायचे कुणी?

वाचनवेल

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज काढतेच.

आम्ही दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. सहा वर्षांपूर्वी चौघांनी सुरुवात केली, आज ३४ जण आहोत. कुणालाही मानधन नाही. पहिली काही वर्षं एकही नियम लिहिलेला नव्हता आणि त्यावाचून काही अडलंही नाही. कुणी कोणतं पुस्तक घ्यायचं, कुणी तपासायचं, सगळं फोनवर ठरायचं.

गेल्या वर्षी एका ताईंनी पाच महिने खपून एक जाडजूड कादंबरी वाचली. तपासणाऱ्याने सगळं ऐकलं आणि "जमलेलं नाही" म्हणून बाजूला ठेवलं. निकष काय, दुसरं कुणी ऐकणार का, दाद कुणाकडे मागायची, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आम्ही चौघं आपसात बोललो, तपासणाऱ्याची बाजू घेतली आणि ताईंना व्हॉट्सॲपवर दोन ओळींत कळवून टाकलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गटातून बाहेर पडल्या. पुढच्या दोन महिन्यांत आणखी सहा जण गेले. त्यातल्या एकाने जाताना लिहिलं, "इथे निर्णय नेमके कुठे होतात तेच कळत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्या चौघांतली एक मी आहे.

मग मी नियमावली लिहायला बसले. ४३ कलमं झाली. सभेत वाचून दाखवली. कुणी विरोध केला नाही, कुणी काही विचारलंही नाही. एका नव्या मुलाने तेवढं विचारलं, "यातलं काही मोडलं तर काय होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात ध्वनिमुद्रण निम्म्यावर आलं.

आता कळत नाही, नियम नव्हते म्हणून माणसं गेली की नियम आले म्हणून जाताहेत. ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_खजिनदार

ताई, आधी त्या कादंबरी वाचणाऱ्या बाईंना फोन करा. नियमांचं नंतर बघू. तुम्ही इथे आम्हाला विचारताय, पण तुमच्या गटाचं कुठे चुकलं हे सगळ्यांत नीट त्याच सांगू शकतील.

पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून माझा अनुभव सांगतो. वीसेक वर्षं मी निरनिराळ्या गटांचे हिशेब सांभाळलेत. एका गटात माझ्या आधीचे गृहस्थ वर्गणी स्वतःच्या खात्यात ठेवायचे. गटाचं खातं उघडायला कुणाला वेळच झाला नव्हता. ते आजारी पडले, महिनाभर शुद्धीवर नव्हते, आणि त्या महिन्यात गटात नको ते बोललं गेलं. नंतर वहीतला हिशेब पैशापर्यंत जुळला. पण बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते पुन्हा गटात आले नाहीत.

खातं गटाच्या नावाचं, काढताना दोन सह्या, दर तीन महिन्यांनी जमाखर्च सगळ्यांसमोर. एवढं असतं तर त्या माणसावर ती वेळ आली नसती. पैशांचे नियम चोराला अडवण्यासाठी असतात असं लोक समजतात, म्हणून प्रामाणिक माणसांपुढे त्यांचा विषय काढायला संकोचतात. मला ते प्रामाणिक माणसाचं चिलखत वाटतं.

मोकळं_आकाश

मी जरा वेगळं बोलतो. आम्ही दर रविवारी नदीकाठ साफ करतो. अकरा वर्षं झाली. अध्यक्ष नाही, सभासद यादी नाही, एक ओळही लिहिलेली नाही. ज्याला यायचंय तो येतो, पोतं उचलतो, भरतो. तुमची ४३ कलमं वाचायला लागली असती तर मी पहिल्याच रविवारी घरी परतलो असतो. माणूस घरचं आणि नोकरीचं सांभाळून आपला वेळ देतो. त्याला तिथेही कचेरी कशाला हवी? विश्वास असेल तर नियम लागत नाहीत, आणि विश्वास नसेल तर नियमांनी तो येत नाही.

रेघोटी

मोकळं_आकाश, तुमच्या कामाचा पोतच वेगळा आहे. पोतं भरलं की नाही ते सगळ्यांना दिसतं. दुपारपर्यंत काम संपतं. एकाच्या मेहनतीला दुसऱ्याने "नाही" म्हणायची वेळ येत नाही. वाचनवेल यांच्याकडे पाच महिन्यांच्या कामाला कुणीतरी नाही म्हणतं. जिथे नकार द्यावा लागतो तिथे तो कोण देणार आणि कशाच्या आधारावर, हे लिहिलेलं हवंच.

दुसरं. "आमच्याकडे रचनाच नाही" हे वाक्य मला नेहमी खटकतं. अमेरिकेत स्त्रीमुक्ती चळवळीतल्या छोट्या गटांनी नेते, पदं, नियम हे सगळं जाणूनबुजून टाळलं होतं. त्याच चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० साली एका भाषणात स्पष्ट सांगितलं की रचनाहीन गट नावाची गोष्ट अस्तित्वात नसते. कुठलीही माणसं काही काळ एकत्र आली की रचना तयार होतेच. ती उघड नसली तर आधीपासून मैत्री असलेल्यांच्या हातात जाते, आणि जे त्या मैत्रीत नाहीत त्यांना आपण बाहेर का आहोत हेही कळत नाही. पदावरच्या माणसाला निदान खाली उतरवता येतं. ज्याला कुणी पदच दिलेलं नाही त्याला कसं उतरवणार?

वाचनवेल, तुमच्या चौघांचं हेच झालं. तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे तुमच्या लिहिण्यातूनच दिसतं. पण चौघांचा फोन हीच तुमची समिती होती आणि ती कुणी निवडलेली नव्हती.

मोकळं_आकाश, एक प्रामाणिक प्रश्न: पुढच्या रविवारी कुठल्या काठावर जायचं हे तुमच्याकडे कोण ठरवतं?

पाणपोई

मी नेहमी नुसती वाचते इथे. आज लिहिते.

मी त्या ताईंच्या जागी होते. मुलांना शिकवणाऱ्या एका गटात मी चौदा महिने होते. दर शनिवारी जायचे, एकही चुकवला नाही. एका शनिवारी गेले तर माझा वर्ग दुसऱ्या बाई घेत होत्या. मला सांगितलं गेलं, "अगं, ठरलं ना ग्रुपवर." मी ग्रुप पाहिला, तिथे काहीच नव्हतं. तेव्हा कळलं की दुसरा एक ग्रुप आहे. त्यात नऊ जण होते आणि सगळं तिथेच ठरायचं.

कुणी माझं वाईट चिंतलेलं नव्हतं. तो ग्रुप एका सहलीसाठी काढला होता आणि नंतर तसाच राहिला. पण त्या दिवशी मुलांसमोर उभं राहून मला जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. मी भांडले नाही. भांडायला जागा कुठे होती? कुणाशी भांडायचं हेच माहीत नव्हतं.

वाचनवेल, माणसं न बोलता जातात तेव्हा त्यांना बोलायचं नसतं असं नाही. कुणाशी बोलायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि बोलल्यावर आपल्याकडे कसं पाहिलं जाईल, एवढं माहीत असतं तर मी बोलले असते.

चौथी_खुर्ची

पाणपोई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

मी सभा चालवण्याबद्दल लिहितो, कारण निर्णय कुठे होतात याचं उत्तर तिथे आहे. हेन्री रॉबर्ट नावाचे अमेरिकी सैन्यातले अभियंता होते. १८६३ मध्ये त्यांना अचानक चर्चमधल्या एका सभेच्या अध्यक्षपदी बसवलं गेलं आणि ती सभा त्यांना आवरता आली नाही. ती नामुष्की त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास सुरू केला, आणि १८७६ मध्ये स्वतःच्या पैशाने सभेच्या नियमांचं पुस्तक छापलं. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या जगभरच्या संघटना आजही वापरतात. एका वेळी एकच विषय, एका वेळी एकच वक्ता, ठरावाला अनुमोदक हवा, बहुमताचा निर्णय झाला तरी अल्पमतात असलेल्याचं बोलणं आधी ऐकलं गेलं पाहिजे: या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यात घट्ट बसवल्या आहेत.

३४ जणांच्या गटाला ते सगळं पुस्तक लागणार नाही, आणि मी तसं सुचवतही नाही. पण तीन सवयी घ्याच. सभेचे विषय आठवडाभर आधी सगळ्यांना कळवायचे, म्हणजे ज्याला येता येणार नाही तो आपलं म्हणणं लिहून पाठवू शकेल. इतिवृत्त दोन दिवसांत सगळ्यांकडे जायला हवं, त्यात निर्णय, तो कुणी अमलात आणायचा आणि कधीपर्यंत, एवढंच. आणि फोनवर काही ठरलंच तर ते पुढच्या इतिवृत्तात "फोनवर ठरलं, अमुक अमुक जणांनी ठरवलं" असं नोंदवायचं. घाईचे निर्णय फोनवर होणारच. त्यांची नोंद असली की ते दुसरा ग्रुप बनत नाहीत.

पदांच्या मुदतीबद्दलही बोलायला हवं. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूर गावचा दहाव्या शतकातला चोळकालीन शिलालेख पाहा. गावच्या सभेच्या समित्या कशा नेमायच्या याचे नियम भिंतीवर कोरलेत. उमेदवारांची नावं लिहून घड्यात टाकायची, लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची, मुदत एक वर्ष. आणि ज्याने आधी समितीवर असताना हिशेब दिला नाही तो पुन्हा पात्र नाही, त्याचे नातेवाईकही नाहीत. हजारहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलं होतं की चांगला माणूससुद्धा एकाच खुर्चीवर फार काळ बसू नये आणि उठताना हिशेब द्यावा.

मोकळं_आकाश

रेघोटी, तुमच्या प्रश्नावर कालपासून विचार करतोय.

कुठल्या काठावर जायचं ते मी आणि माझा एक मित्र ठरवतो. शनिवारी रात्री बोलतो आणि टाकतो ग्रुपवर. अकरा वर्षं हेच चाललंय. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वरच्या बाजूचा काठ सुचवला होता, तिथे जनावरं पाण्यावर येतात म्हणून. आम्ही "बघू" म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा "बघू" म्हणालो. आता ती येत नाही. ती का येत नाही हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. पाणपोई यांचं वाचून पडला.

तरी नियमांच्या ढिगाबद्दलचं माझं मत कायम आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीचा एक किस्सा त्यांच्याच साहित्यात आहे. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक गटाने सभासदत्वाच्या आपापल्या अटी केल्या होत्या. मुख्य कचेरीने त्या सगळ्या मागवून एकत्र केल्या. यादी लांबलचक झाली, आणि लक्षात आलं की हे सगळे नियम सगळीकडे लागू केले तर एकही माणूस सभासद होऊ शकला नसता. त्या सगळ्या अटी भीतीपोटी केलेल्या होत्या. पुढे त्यांनी एकच अट ठेवली, दारू सोडायची इच्छा. १९४६ मध्ये त्यांच्या बारा परंपरा प्रसिद्ध झाल्या, १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या, आणि त्यात म्हटलंय की नेते हे विश्वासाचे सेवक आहेत, ते राज्य करत नाहीत.

वाचनवेल, तुम्हीच लिहिलंय, आधी माणसं गेली आणि मग तुम्ही नियमावली लिहायला बसलात. ती ४३ कलमं भीतीतून आलेली नाहीत ना, एवढं पाहा.

रात्रपाळी

मोकळं_आकाश यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण एक भेद करायला हवा. मी मनाने खचलेल्या लोकांचे फोन घेणाऱ्या एका सेवेत रात्री बसतो. तिथे काही नियमांवर चर्चा होत नाही, मतदान होत नाही. फोनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. बोलणाऱ्याला आपला खासगी नंबर द्यायचा नाही. जड फोन झाला तर घरी जाण्याआधी जोडीदाराशी बोलून मोकळं व्हायचं, आणि हे न करता निघून गेलं तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते.

हे नियम आमच्यासाठी नाहीत. जो पलीकडून बोलतोय आणि आमच्या सभेला कधीच येणार नाही, त्याच्यासाठी आहेत. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या गटांतही तसंच, एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहायचं नाही. इथे "आमचा विश्वास आहे त्याच्यावर" हे उत्तर चालत नाही, चालू नये. विश्वास गटातल्या माणसांचा, धोका मात्र मुलाला.

म्हणून माझी विनंती, सगळे नियम एका माळेत ओवू नका. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना जपणारे नियम थोडे, कडक आणि न बदलणारे हवेत. बाकीचे सैल असले तरी चालतात.

यावरून एक विचारतो. तुमच्या ३४ जणांत दृष्टिहीन किती आहेत?

वाचनवेल

एकही नाही.

हे लिहिताना हात थांबला माझा. सहा वर्षांत कधी कुणी हे विचारलं नव्हतं. आवाज जमलाय की नाही हे आम्हीच ठरवत होतो, आणि आमच्यापैकी एकालाही ते पुस्तक ऐकून वाचायची गरज नाही.

जुना_खजिनदार, दोन दिवसांत ताईंना फोन करते. धीर गोळा करतेय.

सांधा

आता या चर्चेचं टोक सापडलं असं वाटतं, म्हणून थोडं लांब लिहितो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट शोधली: सामाईक कुरणं, पाट, मासेमारीची पाणथळं काही ठिकाणी शेकडो वर्षं नीट कशी टिकली, वरून सरकार नाही आणि खासगी मालकही नाही. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं उदाहरण त्या देतात. १५१७ सालचा तिथला नियम असा, की जितक्या गायी हिवाळ्यात तुम्ही घरच्या चाऱ्यावर पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. किती सुंदर नियम आहे! मोजायला सोपा, कुणाच्या हेतूवर शंका घ्यावी लागत नाही, शेजाऱ्यालाही दिसतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची पाण्याची पंचायत तशीच. दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच बसतात, तक्रार तोंडी, निकाल जागच्या जागी. भांडण मिटवायला वेळ आणि पैसा लागत नाही, म्हणून ते साचत नाही.

ऑस्ट्रॉमना टिकलेल्या सगळ्या ठिकाणी काही गोष्टी सारख्या दिसल्या. वाचनवेल यांच्या कामाच्या तेवढ्या सांगतो. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांना ते बदलण्यात भाग असतो. देखरेख करणारे त्याच माणसांना उत्तर देतात. आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते, नंतर चढत जाते.

शेवटचा मुद्दा म्हणजे त्या नव्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. मोडलं तर काय? पहिल्यांदा एक फोन, मायेने: "काय अडचण झाली?" दुसऱ्यांदा दोघांनी समोर बसून बोलायचं. तिसऱ्यांदा काही काळ त्या कामातून विश्रांती. गटातून जायला सांगणं अगदी शेवटी, आणि तेही एकट्याने ठरवायचं नाही. बहुतेक गटांकडे दोनच हत्यारं असतात, दुर्लक्ष आणि हकालपट्टी. आधी वर्षभर दुर्लक्ष, मग एक दिवस सगळं साठलेलं एकदम. माणसं त्या उडीने घायाळ होतात.

अजून एक. आपण पगार देत नाही, म्हणून "हे करायलाच हवं" असं कुणाला सांगू शकत नाही. डेबियन नावाची संगणकप्रणाली हजारो स्वयंसेवक मिळून बनवतात. त्यांच्या १९९८ च्या घटनेत हे सरळ लिहिलंय: या घटनेमुळे कुणावरही काम करण्याचं बंधन येत नाही, सोपवलेलं काम नको असेल तर करू नये, पण नियमाने झालेल्या निर्णयांच्या आड येऊ नये. स्वयंसेवी कामाचं मर्म इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तुमच्या ४३ कलमांतली "केलेच पाहिजे" अशी किती आहेत, मोजून बघा.

वाचनवेल

मोजली. २९.

अर्धविराम

सांधा यांनी डेबियनचं लिहिलंच आहे, मी पायथनचं लिहितो, कारण वाचनवेल यांनी एक प्रश्न विचारलेला नाही आणि तो विचारायला हवा: तुम्ही चौघं बाजूला कधी होणार?

पायथन ही संगणकभाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी जन्माला घातली. जवळजवळ तीन दशकं शेवटचा शब्द त्यांचा असायचा, आणि लोकांना तो मान्य होता. जुलै २०१८ मध्ये एका बदलावरून फार कडवट वाद झाला. बदल त्यांनी मंजूर केला आणि लगेचच जाहीर केलं की आता मी हा अधिकार सोडतो, मी वारस नेमणार नाही, पुढे कसं चालवायचं ते तुम्ही ठरवा. लोकांनी काही महिने निरनिराळ्या पद्धती लिहून काढल्या, त्यांवर मतदान केलं आणि २०१९ पासून पाच जणांचं निवडलेलं मंडळ आलं. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त त्यात नकोत असाही नियम केला. पहिल्या मंडळावर व्हॅन रॉसम स्वतः निवडून आले, पण पाचांतले एक म्हणून.

संस्थापकाने थकून, दुखावून जाण्याआधी वाट करून ठेवलेली बरी. आमच्या गटात ती केलेली नव्हती. ज्यांनी सगळं उभं केलं ते दादा एका रात्री सगळे पासवर्ड आणि कागद एका पिशवीत देऊन निघून गेले. आम्हाला त्यांचा राग आला. त्यांनी त्याआधी दोन वर्षं "कुणीतरी घ्या रे हे" म्हटलं होतं हे नंतर आठवलं.

रेघोटी

अर्धविराम, शेवटचं वाचून गलबललं.

चौथी_खुर्ची यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवते. छोट्या गटात बहुमताचं मतदान मला शेवटचा उपाय वाटतो. १८ विरुद्ध १६ असा निर्णय झाला तर १६ माणसं घरी जाताना हरलेली असतात, आणि त्यांना उद्या पुन्हा फुकट काम करायचं असतं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळात मतदान करतच नाहीत. ढोबळ सहमती पाहतात, कधीकधी सभेत गुणगुणायला सांगून. कल कळतो आणि कुणाचं नाव चिकटत नाही. त्यांची कसोटी अशी की प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला पाहिजे, प्रत्येक आक्षेप मान्य झालाच पाहिजे असं नाही. तुम्ही "सगळ्यांना आवडलं का?" ऐवजी "यात कुणाला न पेलणारं काही आहे का?" असं विचारून बघा. उत्तरं निराळी येतात.

चौथी_खुर्ची

रेघोटी, मान्य, पण पूर्ण नाही. सहमतीच्या नावाखाली सगळ्यांत चिवट माणूस जिंकतो हे मी पाहिलंय. रात्री अकरापर्यंत जो बसू शकतो त्याचं मत टिकतं. घरी लहान मूल असलेली बाई नऊला उठून जाते आणि तिचं मत तिच्याबरोबर जातं. म्हणून सहमतीचा प्रयत्न एका सभेत, फार तर दोन. मग मतदान, आणि येऊ न शकणाऱ्यांचं मत लिहून घ्यायचं. माणसं निवडताना तर चिठ्ठीनेच, हात वर करून नको.

रेघोटी

हे पटलं. नऊला उठणाऱ्या बाईचा विचार मी केला नव्हता.

वाचनवेल

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. बरंच झालं मध्ये.

ताईंना फोन केला. पहिली पाच मिनिटं फक्त मीच बोलत होते. मग त्या म्हणाल्या, "नापसंत झालं याचं वाईट वाटलं, पण ते पचलं असतं. पाच महिने मी वाचत होते आणि एकदाही कुणी ऐकलं नाही, हे पचलं नाही. पहिल्या वीस मिनिटांनंतर सांगितलं असतंत तर मी सुधारलं असतं किंवा सोडून दिलं असतं." मी विचारलं, परत याल का? त्या म्हणाल्या, आत्ता नाही. मी आग्रह केला नाही.

पण आमचा पहिला नियम त्यांनीच दिला. कुठल्याही पुस्तकाची पहिली वीस मिनिटं मुद्रित झाली की थांबायचं, दोघांनी दहा दिवसांत ऐकून कारणांसह कळवायचं, आणि त्या दोघांतला एक दृष्टिहीन वाचक असणार. माझ्या ४३ कलमांत उच्चार, फाईलची नावं, रजेचा अर्ज, सगळं होतं. हे नव्हतं.

जुनी नियमावली सभेत मागे घेतली. विषय आठवडाभर आधी कळवले होते. आमची पुस्तकं नेहमी ऐकणाऱ्या दोघांना बोलावलं होतं, ते आले. मी सुरुवातीलाच सांगितलं की ताईंच्या बाबतीत आम्ही चौघांनी फोनवर ठरवलं होतं आणि ते चुकलं. आवाज थरथरत होता माझा. मग रेघोटी यांचा प्रश्न विचारला, न पेलणारं काय आहे? आधी शांतता. मग एक काका म्हणाले, महिन्याला दोन प्रकरणांची सक्ती मला पेलत नाही, डोळ्यांना त्रास होतो, पण सांगायची लाज वाटायची. मग एकेक जण बोलायला लागला. सभा साडेआठला संपवली, चौथी_खुर्ची यांचं आठवून.

आता आमच्याकडे एकच पान आहे. काम कुणावर सक्तीचं नाही, पण घेतलेलं जमणार नसेल तर आठवडाभरात सांगायचं. तपासणीचा नियम वर सांगितला तो. निर्णय सभेत, फोनवर झालाच तर नावांसह नोंद. तक्रार ऐकायला दोन जण, त्या चौघांबाहेरचे, सात दिवसांत उत्तर. नियम मोडला तर आधी फोन, मग भेट, मग विश्रांती. हिशेब दर तीन महिन्यांनी. पाच जणांचं मंडळ, वर्षाची मुदत, चिठ्ठीवर मत देऊन निवड, त्यात एक तरी ऐकणारा वाचक. आणि हे पान दर वर्षी पुन्हा उघडायचं.

मी मंडळासाठी उभी राहिले नाही. चौघांपैकी दोघं उभे राहिले, एक निवडून आला, एक नाही. जो नाही आला तो दोन दिवस गप्प होता. काल त्याने नवीन पुस्तक मागितलं.

मोकळं_आकाश

वाचनवेल, अभिनंदन. आमच्याकडेही एक छोटी गोष्ट झाली. आता काठ कुठला ते पाळीपाळीने एकेक जण ठरवतो. त्या मुलीला निरोप पाठवलाय, पुढची पाळी तुझी म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही. तरी या रविवारी आम्ही वरच्या काठावर जातोय.

पाणपोई

वाचनवेल, तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा.

वाचनवेल

नक्की सांगते.

अजून एक राहिलं. सभा संपताना आलेल्या वाचकांपैकी एका दादांनी विचारलं, "हे पान आम्ही वाचायचं कसं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग ठरलं, पान ध्वनिमुद्रित करायचं. "मोडलं तर काय?" विचारणाऱ्या त्या मुलानेच ते काम मागून घेतलं. सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं झालंय. काल दोघांनी ऐकून कळवलं, दोन शब्द अडखळलेत आणि हिशेबाच्या कलमापाशी तो फार भरभर वाचतो. उद्या तो तेवढा भाग पुन्हा वाचणार आहे.